दिवसाची ‘ओव्हर’ देवाला कशी द्यावी

वॉर्डात ड्यूटी संपली की ‘ओव्हर’ द्यावी लागते. नर्सिंगमधल्यांना हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला खाटेखाटेपाशी नेते आणि सांगते: 7 नंबर, दुपारी 2 ला ताप 102 होता, गोळी दिली, आता 99 आहे. 11 नंबर, सलाइन 6 ला संपेल, हात सुजतोय, लक्ष ठेव. 14 नंबर, 10 चं औषध माझ्याकडून राहिलं, साडेअकराला दिलं, डॉक्टरांना कळवलंय.

हे शेवटचं वाक्य तोंडातून काढणं फार जड जातं. पण ते गिळून जी सिस्टर घरी निघते, ती विरार लोकलमध्ये उभी असली तरी मनाने त्या 14 नंबरच्या खाटेपाशीच असते. मुंबईच्या एका हॉस्पिटलात मी 34 वर्षं ओव्हर दिली आणि घेतली. रात्रीच्या आत्मपरीक्षणाबद्दल मला जे थोडंफार कळलं, ते याच सवयीतून कळलं.

मी वसईची, कॅथलिक. झोपण्याआधी आत्मपरीक्षण करावं हे धर्मशिक्षणाच्या वर्गात लहानपणीच शिकवलं होतं. प्रत्यक्षात मी ते करायचे पापकबुलीच्या, म्हणजे फादरांपुढे पापं सांगून क्षमा मागण्याच्या, आदल्या रात्री. रागावले, खोटं बोलले, प्रार्थना चुकवली. वर्षानुवर्षं तीच यादी, तोच क्रम. यादी खरी होती, पण तिच्यातून मला मी कधी कळले नाही. चाळिशीनंतर एका रिट्रीटमध्ये, म्हणजे प्रार्थनेच्या शिबिरात, येशूसंघाच्या (जेझुइट धर्मगुरूंच्या संघाच्या) एका वयस्कर फादरांनी त्या संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांची आत्मपरीक्षणाची पद्धत नीट समजावून दिली. तेव्हापासून ती माझ्याकडे आहे. मधे कितीदा तरी सुटली, पुन्हा धरली.

पद्धतीचे टप्पे 5 आहेत आणि वेळ लागतो 15 मिनिटं. येशूसंघात हे दुपारी आणि रात्री असं दोनदा करतात. संसारी माणसाला एकदा जमलं तरी पुष्कळ. अंथरुणात करू नका, झोप लागते. मी भांडी आवरून झाली की स्वयंपाकघरातल्याच लाकडी खुर्चीवर बसते, ट्यूबलाइट बंद करून देव्हाऱ्यातला लहान दिवा तेवढा ठेवते. मोबाइल दुसऱ्या खोलीत.

बसायच्या आधी मात्र एक गोष्ट करायची, आणि माझ्या मते सगळी पद्धत हिच्यावर उभी आहे. प्रार्थनेच्या जागेपासून एक-दोन पावलं अलीकडे थांबायचं. एक ‘आमच्या बापा’ ही प्रार्थना म्हणायला लागेल तेवढा वेळ उभं राहायचं आणि देव आपल्याकडे कसा बघतोय हे मनात आणायचं. ही सूचना स्वतः इग्नेशियस यांची आहे. मी काय बघते, हा प्रश्न नंतरचा. आधी माझ्याकडे कोणीतरी बघतंय. येशूचा शिष्य पेत्र याने त्याच्या अटकेच्या रात्री ‘मी याला ओळखत नाही’ म्हणून प्रभूला तीनदा नाकारलं, कोंबडा आरवला, आणि शुभवर्तमानात लूक लिहितो की प्रभूने वळून पेत्राकडे पाहिलं. मग पेत्र बाहेर जाऊन रडला. पैसे घेऊन प्रभूला पकडून देणाऱ्या यहूदालाही आपली चूक कळली होती, पैसे परत करण्याइतकी स्पष्ट कळली होती. पण तो एकटाच त्या चुकीकडे बघत राहिला. म्हणून ही दोन पावलं गाळू नका. घाई असेल तर बाकीचं कमी करा.

मग बसायचं आणि पहिल्यांदा आभार मानायचे. चूक पहिल्यांदा काढायची नाही. आभारही गोळाबेरीज नकोत. ‘देवा, सर्व काही दिलंस’ असं म्हटलं की मन कुठेच थांबत नाही. आज दुपारी पावसाने उघडीप दिली आणि चादरी वाळल्या. नातवाने न सांगता ताट उचललं. गुडघा जिना चढताना दुखला नाही. अशा 3 गोष्टी पुरतात. इथे एका खड्ड्याकडे लक्ष ठेवा. येशूच्या दाखल्यातला, मंदिरात प्रार्थनेला गेलेला परुशी (धर्मनियम कडक पाळणारा यहुदी) देखील आभारच मानत होता. ‘मी इतरांसारखा नाही’ म्हणून आभार. आपल्या आभारात शेजारीण, जाऊ किंवा सून तुलनेला आली की तिथेच थांबायचं आणि पुन्हा चादरींकडे यायचं.

दुसरा टप्पा छोटा आहे: प्रकाश मागणे. बायबलातल्या 139 व्या स्तोत्रात स्तोत्रकर्ता देवाला म्हणतो की माझी झडती घे, माझं हृदय जाण. झडती देवाने घ्यायची आहे. आपण आपली घेतो तेव्हा एक तर वकील होतो, नाही तर फौजदार. मी एवढंच म्हणते, ‘प्रभू, आज जे दाखवायचंय ते दाखव.’

तिसरा टप्पा म्हणजे खरी ओव्हर. सकाळी डोळे उघडले तिथपासून निघायचं आणि जागेजागेने पुढे यायचं. चहा, विहिरीकडची झाडं, बाजार, बँक, दुपारचा फोन, संध्याकाळची जपमाळ. प्रत्येक जागी क्षणभर थांबायचं, जसं खाटेपाशी थांबतो. निकाल द्यायचा नाही. ओव्हर देणारी सिस्टर ‘मी किती वाईट नर्स आहे’ असं म्हणत बसत नाही, ती काय घडलं ते सांगते.

आणि घडलं काय, एवढ्यावरच न थांबता त्या वेळी मनात काय हललं तेही बघायचं. इग्नेशियस यांना हे कसं सापडलं ते ऐकण्यासारखं आहे. 1521 मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. लोयोलाच्या घरी महिनोन्‌महिने ते खाटेवर पडून होते. हाड वेडंवाकडं जुळून वर आलं, बुटात वाईट दिसेल म्हणून त्यांनी ते कापून घेतलं. त्या काळात, भूल न देता. एवढा दिसण्याचा सोस असलेला हा सरदार. त्यांना शौर्याच्या कथा वाचायच्या होत्या, पण घरात मिळालं ते ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रं. पडल्या पडल्या ते कधी लढाईची आणि एका थोर स्त्रीची सेवा करण्याची स्वप्नं बघत, कधी संतांसारखं जगण्याची. दोन्ही स्वप्नं चालू असताना गोडच वाटत. फरक नंतर पडे. पहिल्या स्वप्नानंतर मन कोरडं आणि असमाधानी राही, दुसऱ्यानंतर आनंद टिकून राही. या ‘नंतर’कडे लक्ष गेलं आणि तिथून त्यांचं आयुष्य वळलं.

म्हणून दिवसातल्या प्रत्येक जागी विचारायचं: इथून निघाले तेव्हा मन कसं होतं? ओलं की कोरडं? मैत्रिणीशी तासभर कोणाबद्दल तरी बोलले, बोलताना मजा वाटली, फोन ठेवल्यावर कसं वाटलं? आजारी बाईला पेज नेऊन दिली, जाताना कंटाळा होता, परतताना?

आता माझंच सांगते. माझ्या तोंडी एक वाक्य होतं, ‘एकदा सांगितलेलं कळत नाही का?’ वॉर्डात एका म्हाताऱ्या रुग्णाच्या बायकोने मला चौथ्यांदा विचारलं होतं, ‘सिस्टर, यांचं ऑपरेशन उद्या 9 लाच ना?’ तिला मी ते वाक्य फेकून मारलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत मागे सरली. तो पदर मला अजून दिसतो. तेव्हा मी स्वतःला सांगितलं की डबल ड्यूटी होती, दमले होते. रिटायर झाल्यावर दमणूक गेली, वाक्य राहिलं. सून विचारायची, ‘आई, गॅस बंद केलात ना?’ आणि परत थोड्या वेळाने विचारलं की माझ्या तोंडातून तेच.

इथे मी इग्नेशियस यांचीच दुसरी एक रीत धरली. एकाच दोषावर लक्ष ठेवण्याची. ज्या क्षणी तो घडेल त्या क्षणी छातीवर हात ठेवायचा. मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) अपराध कबूल करताना आपण ठेवतो तसा, पण हळूच. चार माणसांतही कोणाला कळत नाही. आणि दिवसाच्या शेवटी वहीत तितक्या खुणा करायच्या. त्यांनी आठवड्याच्या 7 दिवसांच्या 7 जोडओळी आखून दिल्या आहेत. दोनदा परीक्षण म्हणून दोन ओळी. आजची कालशी ताडून बघायची, हा आठवडा गेल्या आठवड्याशी. मला टेम्परेचरचा चार्ट भरायची सवय, त्यामुळे हे परकं वाटलं नाही. 100 पानी वही घेतली. पहिल्या आठवड्यात 19 खुणा झाल्या.

खुणा कमी व्हाव्यात म्हणून मी सुरुवात केली होती. झालं असं की खुणांमुळे मला वेळ दिसू लागली. थकल्या दिवशी खूण असेलच असं नव्हतं. तब्येत ठणठणीत असतानाही असायची. तिसऱ्या महिन्यात एका रात्री लक्षात आलं: कोणी पहिल्यांदा विचारलं तर मी कधीच चिडत नाही. दुसऱ्यांदा विचारलं की चिडते.

त्या रात्री मी पुढे काही केलं नाही. नुसती बसले. आणि आमची जुनी विहीर डोळ्यांपुढे आली. मी 8-9 वर्षांची. वडील मला बालदीला दोराची गाठ मारायला शिकवत होते. पहाटेच भाजी घेऊन मुंबईला गेलेले, उन्हाचे परत आलेले. मी विचारलं, ‘पुन्हा दाखवा ना.’ ते म्हणाले, ‘एकदा सांगितलेलं कळत नाही का?’ त्यानंतर मी कोणालाच काही दुसऱ्यांदा विचारलं नाही. नर्सिंगमध्येही नाही. ‘हिला एकदाच सांगावं लागतं’ अशी माझी ख्याती होती, आणि मला तिचा अभिमान होता. जो दुसऱ्यांदा विचारायचा, त्याला मी आतून कमी समजत होते. आणि कदाचित त्याचा हेवाही करत होते, कारण त्याला विचारायची भीती वाटत नव्हती. वडिलांना मी दोष देत नाही. त्यांचे पाय पहाटेपासून उभे होते. पण ‘रागावले’ या एका शब्दाखाली एवढं सगळं दडलेलं होतं, आणि माझी जुनी यादी तिथवर कधीच पोचली नसती.

चौथा टप्पा क्षमा मागण्याचा. लांबवू नका. येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यात घर सोडून बापाचे पैसे उधळलेला मुलगा शुद्धीवर येतो आणि वाटेत बापाला काय म्हणायचं याची वाक्यं तयार करतो: मला तुमच्या एखाद्या मजुराप्रमाणे ठेवा. घरी पोचल्यावर ते शेवटचं वाक्य त्याच्या तोंडून निघतच नाही, त्याआधीच बाप नोकरांना झगा आणायला सांगतो. आपण स्वतःला मजूर ठरवण्याचं वाक्य घोळवत बसतो. झालं ते सांगा, ‘चुकले’ म्हणा आणि पुढे चला.

पाचवा टप्पा उद्याचा. एकच गोष्ट, आणि ती करता येण्याजोगी. ‘उद्या चिडणार नाही’ हा संकल्प टिकत नाही. माझा होता: कोणी दुसऱ्यांदा विचारलं तर उत्तराआधी हातातलं काम खाली ठेवायचं. बस. चमचा ओट्यावर ठेवायला लागतो तेवढा वेळ.

एक गोष्ट नर्स म्हणून सांगते, तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. काही माणसं आत्मपरीक्षणाने हलकी होण्याऐवजी जखडत जातात. झालेली पापकबुली अपुरी वाटते, पुन्हा पुन्हा करावीशी वाटते, झोप उडते. खुद्द इग्नेशियस मान्रेसा गावी यातून गेले. जुनी पापं पुन्हा पुन्हा कबूल करूनही समाधान होईना, जीव द्यावा असंही मनात येऊ लागलं. शेवटी त्यांनी जुनी पापं पुन्हा कबूल करणं बंद केलं, तेव्हा सुटका झाली. तुमचं असं होत असेल तर वही बंद करा. काही दिवस फक्त पहिला टप्पा, आभार. फादरांशी बोला. आणि दोन आठवडे अन्न-झोप नीट नसेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांकडे जा. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार मनात आला, तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी घरातल्या कोणाला तरी सांगा आणि सोबत घेऊन जा. नैराश्य हे पाप नाही. मी वॉर्डात देवभीरू माणसंही त्याने कोसळलेली पाहिली आहेत आणि औषधाने उभी राहिलेलीही.

ओव्हर देऊन झाली की उठायचं. 121 व्या स्तोत्रात म्हटलंय की इस्राएलाचा रक्षक झोपत नाही, डुलकीही घेत नाही. रात्रपाळी त्याची आहे. हे कळल्यापासून मी रात्री उठून गॅसचा नॉब तपासत नाही.

पण माणसाशी जे बाकी असतं ते देवाला सांगून फिटत नाही. प्रभू म्हणतो, वेदीपाशी आठवलं तरी अर्पण तिथेच ठेव आणि आधी भावाशी समेट कर. विहीर आठवली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुनेला विहिरीची गोष्ट सांगितली. ती भाकरी थापत होती. थापताना थांबली, पिठाचे हात तसेच. म्हणाली, ‘आई, माझ्या माहेरी एकदा गॅस गळला होता. शेजाऱ्यांनी दार तोडून आम्हाला बाहेर काढलं. म्हणून मी विचारत असते.’

सहा वर्षं ती त्या घरात दुसऱ्यांदा विचारत होती, आणि का विचारतेस हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. त्या रात्री वहीत खूण नव्हती. आभाराच्या 3 गोष्टींत पहिली तिची लिहिली.