जुनी गाडी घेतली आणि डॅशबोर्डचे काटे नाचतात?

हेडलाइट लावताच पेट्रोलचा काटा हलतो, इंडिकेटर दिला की मीटरचे दिवे मिणमिणतात? मीटर बदलायची घाई नको. बहुतेकदा अर्थिंग, म्हणजे गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे करंट परत जाण्याची वाट, खराब असतं.

आधी मल्टिमीटरने बॅटरी तपासा. गाडी बंद असताना साधारण 12.6 व्होल्ट, चालू असताना 13.8 ते 14.4 हवेत. मग हेडलाइट आणि ब्लोअर लावून मीटरच्या अर्थ वायरपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत व्होल्टेज मोजा. 0.2 व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थ वायर पत्र्याला जोडणारा बोल्ट बहुधा गंजलाय. बॅटरी सोडवा, बोल्ट काढा, पत्रा चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपरने घासा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलिन लावा.

फ्यूज वारंवार उडत असेल तर 10 अँपिअरच्या जागी 20 चा घालू नका, वायरिंग जळेल. आधीच्या मालकाने बसवलेल्या म्युझिक सिस्टिमचे टेप गुंडाळलेले जोड तपासा. गोची तिथेच सापडते.

शेवटी चावी ऑन करून इंजिन सुरू न करता पाहा: बॅटरी, ऑइल आणि असल्यास चेक इंजिनचा दिवा लागलाच पाहिजे. लागला नाही तर बहुधा बल्ब गेलाय, किंवा विकणाऱ्याने मुद्दाम काढलाय.