समुद्र उतरतोय की जमीन वर येतेय? टाइड गेजचा आकडा असा वाचा

एखाद्या किनाऱ्यावर समुद्र वर्षाला 3-4 मिमी उतरतोय असा ग्राफ दिसला की लगेच "बघा, समुद्र वाढतोय म्हणे" असं करायच्या आधी जरा थांबा, कारण टाइड गेज, म्हणजे समुद्राची पातळी मोजणारं यंत्र, जमिनीला ठोकलेला असतो, जमीन वर गेली की तोही वर जातो आणि पाणी खाली गेल्यासारखं दिसतं. स्टॉकहोमला नेमकं हेच होतंय. तिथल्या नोंदी 1774 पासूनच्या आहेत, त्यामुळे हात बसवायला तोच गेज घ्या.

आधी थोडं कारण. साधारण 21,000 वर्षांपूर्वी स्कँडिनेव्हियावर 3 किमीपर्यंत जाड बर्फ बसला होता. त्याने जमीन किती दाबली असेल ते कॅल्क्युलेटरवर निघतं, जाडी गुणिले बर्फाची घनता 0.9 भागिले खालच्या प्रावरणाची (कवचाखालच्या खडकाच्या थराची) 3.3, म्हणजे बर्फाचं वजन आणि खालच्या खडकाचा उचल यांचा पूर्ण तोल साधला गेला असं धरलं तर 800 मीटरच्या वर! बर्फ जाऊन 9-10 हजार वर्षं झाली तरी जमीन अजून उठतेच आहे, कारण खालचा खडक वाहतो खरा पण भयंकर सावकाश. स्वीडनच्या हाय कोस्टला जुन्या किनाऱ्याची खूण आज 286 मीटर उंचीवर आहे, आणि लुलेओ शहर तर 1649 मध्ये हलवावं लागलं, बंदर उथळ झालं म्हणून.

आता कामाला लागू. पीएसएमएसएलच्या (जगभरच्या टाइड गेजच्या नोंदी ठेवणारी संस्था) साइटवरून स्टॉकहोमची वार्षिक सरासरीची आरएलआर फाइल घ्या, म्हणजे सगळ्या नोंदी एकाच शून्यापासून मोजलेली; मेट्रिकवाली नको, त्यात मधेच शून्य बदललेलं असू शकतं. आकडे 7000 च्या आसपास दिसतील, ते मिलिमीटर आहेत, निगेटिव्ह आकडे येऊ नयेत म्हणून शून्य मुद्दाम खाली धरलंय. -99999 म्हणजे त्या वर्षाची नोंद नाही, त्या ओळी आधी उडवा. मी पहिल्यांदा उडवल्या नव्हत्या आणि ट्रेंडलाइन थेट पाताळात गेली, अर्धा तास डोकं खाजवत बसलो.

मग एक्सेलमध्ये सरळ ट्रेंडलाइन टाका, पण निदान 50 वर्षांचा डेटा घेऊन, कारण वारा आणि हवेच्या दाबाने पातळी एका वर्षातून दुसऱ्यात काही सेंटिमीटर सहज हलते. विसाव्या शतकाचा उतार वर्षाला -3.5 ते -4 मिमीच्या दरम्यान येईल. पुढचं सोपं आहे:

जमिनीचा वेग = समुद्राचा वेग − गेजचा वेग

शतकभराची समुद्राची जागतिक वाढ वर्षाला 1.5 मिमीच्या आसपास धरा आणि गेजचा उतार -3.7, म्हणजे 1.5 − (−3.7) = 1.5 + 3.7 = 5.2. इथेच बरेच जण गंडतात, 1993 नंतरचा सॅटेलाइटवाला 3.3 घेतात आणि गेजचा उतार मात्र शंभर वर्षांचा, मग जमीन उगाच 7 मिमीने धावायला लागते. दोन्ही आकडे एकाच काळाचे पाहिजेत! शेवटी जवळच्या जीपीएस स्टेशनचा उभा वेग बघा, नेवाडा जिओडेटिक लॅबकडे मिळतो, तोही 5 च्या आसपास आला म्हणजे जमलं.

उलटी केसही असते. बर्फाखालून दाबलेला खडक कडेला सरकून तिथे फुगवटा आला होता, तो आता बसतोय, म्हणून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीक बे आणि नेदरलँड्सला जमीन खाली जातेय आणि समुद्र सरासरीपेक्षा जास्त चढल्यासारखा दिसतो. पण सगळं खापर बर्फावर फोडू नका, जमिनीतलं पाणी उपसलं तरी जमीन खचते.

आणि हा 1.5 सुद्धा सगळीकडे सारखा नसतो बरं का. ग्रीनलंडचा बर्फ आपल्या गुरुत्वाकर्षणाने समुद्र स्वतःकडे ओढून धरतो, तो वितळला की जवळच्या भागात पाणी चक्क उतरतं आणि लांबच्या किनाऱ्यांवर जास्त चढतं.

स्टॉकहोम जमलं की अलास्कातलं ज्युनो करून बघा. तिथे गेल्या दोन-अडीचशे वर्षांत हिमनद्या मागे हटल्यात, त्यामुळे जमीन झपाट्याने उठतेय आणि गेजचा उतार वर्षाला -10 मिमीच्याही खाली जातो.