खारपाणपट्ट्यात बोर मारताय? लॉगिंग आणि कॅमेऱ्याच्या या चुका टाळा

अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या पूर्णा नदीकाठच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखाली खारं पाणी असलेल्या भागात, खडक खोल दबलेला आहे. वर चिकणमाती आणि रेतीचे थर एकाआड एक. बोर किती खोल गेला यापेक्षा गाळणीचा (चिरांमधून पाणी आत घेणारा) पाईप कोणत्या थरासमोर बसला, यावर इथे सगळं ठरतं.

पाषाणातल्या बोरसारखा इथेही उघड्या बोरमध्ये कॅमेरा सोडायला लावतात. तसं मुळीच करू नका. भिंत ढासळली की कॅमेरा आतच राहतो. शिवाय भिंत टिकावी म्हणून बोरमध्ये चिखलपाणी भरलेलं असतं, त्यात कॅमेऱ्याला काही दिसत नाही. पाईप बसवण्याआधी विद्युत आणि गॅमा लॉगिंग करून घ्या, म्हणजे बोरमध्ये उपकरण सोडून खोलीनुसार थरांचा विद्युत रोध आणि त्यांच्यातून निघणारी नैसर्गिक गॅमा किरणं मोजून घ्या. बोरच्या गाडीवाले घाईत असतात, “आधी पाईप टाकू, मग बघू” म्हणतात. पण प्लास्टिकचा पाईप बसल्यावर विद्युत लॉग निघत नाही. गॅमा तेवढा निघतो.

खरी फसगत लॉग वाचताना होते. विद्युत रोध कमी दिसला की चिकणमाती समजून पुढे जातात. खाऱ्या पाण्याने भरलेली रेतीही रोध कमीच दाखवते! म्हणून गॅमाची रेष शेजारी ठेवा. चिकणमातीत गॅमा सहसा जास्त, स्वच्छ रेतीत कमी. रोध कमी आणि गॅमाही कमी असेल तर खाऱ्या रेतीचा संशय धरा. तिथे गाळणी नको, साधा पाईप टाका आणि बाहेरची पोकळी बुजवून घ्या, नाहीतर खारं पाणी पाईपाच्या बाहेरून गोड्या थरात उतरतं. रोध जास्त, गॅमा कमी, अशी रेती गाळणीसाठी शोधायची.

खोलीचा घोळही नेहमीचा. खालचा गाळ वर यायला वेळ लागतो, तोवर बिट (खोदणारं टोक) पुढे गेलेली असते. त्यामुळे वर आलेल्या गाळाच्या ढिगाऱ्यावरून काढलेली खोली लॉगशी जुळवूनच धरा. लॉग, रॉड, पाईप, सगळ्यांचं माप जमिनीपासूनच मोजा. एकाने पाईपाच्या तोंडापासून मोजलं की गाळणी सरकलीच.

बोर धुऊन झाल्यावर पाण्याची क्षारता (विद्युत वाहकतेवरून) मोजा. ३ डेसीसीमेन प्रति मीटरच्या वर गेली तर ते पाणी बहुतेक पिकांना मानवत नाही.

कॅमेरा आता सोडा, पाणी निवळल्यावर. सांधे आणि गाळणीच्या चिरा नीट पाहा. कुठून रेती घरंगळताना दिसली तर मोटर उतरवू नका. रेतीने पंपाचे इंपेलर (पाणी ढकलणारे आतले पंखे) लवकर झिजतात.