एसएफ-८६ भरण्याआधी तारखा कागदावर मांडा

अमेरिकेत सुरक्षा मंजुरीचा, म्हणजे सरकारी गोपनीय कामासाठी लागणाऱ्या परवानगीचा, एसएफ-८६ हा अर्ज भरताना आपल्याकडची बरीच मुलं दोन प्रश्नांपाशी अडखळतात: कॉलेजात ओढलेला गांजा आणि समुपदेशन.

१. अर्जातलं कलम २३ मागच्या ७ वर्षांतल्या अमली पदार्थांच्या वापराबद्दल विचारतं. पहिल्यांदा कधी, शेवटचं कधी, साधारण किती वेळा, हे महिना-वर्षासह आधी कागदावर लिहून काढा. कॅलिफोर्नियातल्या दुकानातून रीतसर घेतलेली गांजाची गमीसुद्धा (चघळायची गोळी) यात धरायची. राज्यात चालतं ते केंद्राला चालत नाही.

२. मानसिक आरोग्याबद्दलचं कलम २१ शब्दन् शब्द वाचा. नुसतं समुपदेशन घेतलं म्हणून ‘हो’ लिहावं लागत नाही. मानसिक आजारासाठी रुग्णालयात भरती, कोर्टाचा आदेश, स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरसारखं निदान, निर्णयशक्तीवर मोठा परिणाम करणारा आजार, असं काही असेल तरच. अर्जाच्या धास्तीने थेरपी सोडणारे पाहिले की जीव तुटतो. कृपा करून सोडू नका.

३. भरलेल्या अर्जाची प्रत जपून ठेवा. मुलाखतीत हाच तपशील पुन्हा विचारतात.

एक मात्र सांभाळा: लपवाछपवी नको. जुना, सुटलेला वापर बऱ्याचदा आड येत नाही, पण जाणूनबुजून खोटं लिहिणं हा वेगळा केंद्रीय गुन्हा आहे.