खोल समुद्रातलं खाणकाम: विरोधामागच्या समजुती कशा तपासाव्यात

समुद्रातली खाण म्हटलं की जळगाव-धुळ्याकडे डोळ्यांपुढे गिरणा नदीतला वाळूउपसा येतो. जेसीबी, डंपर, पात्रातले खड्डे. तपासायला बसताना आधी हे चित्र बाजूला सारा. 4 ते 6 किलोमीटर खोलीवर निकेल, कोबाल्ट, तांबं असलेले बटाट्याएवढे खनिजगोळे चिखलावर मोकळे पडलेले असतात. यंत्र ते गोळा करताना वरचा काही सेंटिमीटर गाळही खरवडून नेतं. म्हणून ‘समुद्राला भगदाड पाडतील’ हे चूक. पण नुकसान कमी, असं मात्र समजू नका. तिथले बहुतेक जीव त्याच थरात आणि त्याच गोळ्यांवर राहतात, आणि गोळा दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर वाढतो.

तपासणीला आठ-दहा जणांचा गट पुरे. आक्षेप बोलणाऱ्याच्याच शब्दांत वहीत उतरवा, एका ओळीत एकच दावा. ‘निसर्ग संपेल, मासे मरतील, फायदा कंपन्यांना’ हे तीन दावे आहेत. एकत्र ठेवले तर चर्चा गोल फिरत राहते. प्रत्येकापुढे लिहा: घडलेलं, अंदाज की मूल्य (म्हणजे काय योग्य वाटतं ते).

‘जखम भरत नाही’ हे घडलेल्यात बसतं. 1989 मध्ये शास्त्रज्ञांनी पेरूसमोरच्या खोल समुद्रतळावर मुद्दाम नांगरासारखं अवजार ओढलं. 2015 मध्ये पाहिलं तर त्याचे चर अजून दिसत होते. आपल्या काळ्या रानातलं ढेकूळ एका पावसाळ्यात विरतं. तिथे नवा गाळ हजार वर्षांत काही मिलिमीटरच साचतो. हा आक्षेप भक्कम आहे, तो हलक्यात काढू नका.

‘मासे मरतील’ हा अंदाज. गोळे वर आणल्यावर उरलेलं गढूळ पाणी किती खोलीवर सोडणार, हे विचारा. उत्तर मिळेपर्यंत पेन्सिलीने प्रश्नचिन्ह. ‘बॅटरीला हे धातू लागतच नाहीत’ अर्धं खरं: लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरीला निकेल-कोबाल्ट नको, तांबं मात्र हवंच.

‘समुद्रतळ सगळ्यांचा’ हे मूल्य, आकड्यांनी खोडता येत नाही. आधार तपासता येतो: 1982 चा समुद्र कायदा करार देशांच्या हद्दीपलीकडच्या तळाला मानवजातीचा सामाईक वारसा म्हणतो. त्याच व्यवस्थेत भारताकडे हिंदी महासागरात 75,000 चौरस किलोमीटर क्षेत्र शोधासाठी आहे. तेव्हा ‘हे परदेशातलं भांडण’ ही समजूतही वहीत घ्या नि तपासा.

चर्चा बहुधा एकाच जागी बिघडते: दावा सोडून बोलणाऱ्याची पार्टी बघितली जाते. तसं दिसलं की विरोधकाला विचारा, काय दिसलं तर मत बदलाल? मग समर्थकालाही तेच विचारा, आणि दोन्ही उत्तरं शेजारीशेजारी लिहा.