वाडा रिकामा करताना: आईंच्या वस्तूंचं काय करायचं

तेराव्याला सगळी भावंडं जमलेली असतात, म्हणून त्याच दिवशी कपाट उघडायचा मोह होतो. उघडू नका. त्या दिवशी फक्त एक वही फिरवा: कुणाला काय हवंय आणि का, एवढंच लिहून घ्या. वाटप वर्षश्राद्धानंतर केलं तरी काही बिघडत नाही.

सासूबाई गेल्यावर आम्हाला नाशिकच्या पंचवटीतला वाडा सोडून इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये यायचं होतं. मी एकच नियम धरला: प्रत्येक वस्तूला तिचा माणूस हवा. "राहू दे, आठवण आहे" म्हणणारा नव्हे, "मी नेते" म्हणणारा. पाणी तापवायच्या बंबासाठी सगळे हळवे झाले, न्यायला कुणी तयार नाही. अडकित्त्यावर मात्र दोन्ही नणंदा अडून बसल्या. मग वही काढली. धाकटीने लिहिलं होतं, "दुपारी आईला सुपारी मीच कातरून द्यायचे." थोरलीने वाचलं आणि म्हणाली, "ने बाई."

कागद आधी वेगळे काढा. ट्रंकेच्या तळाशी अंथरलेलं वर्तमानपत्रसुद्धा उचलून बघा, साड्यांच्या घड्या झटका. पोस्टाची पासबुकं, ठेवींच्या पावत्या, खरेदीखतं अशाच ठिकाणी निघतात.

भांडी मोडीत देण्याआधी काठावरची नावं वाचा. आमच्या एका पितळी डब्यावर टिंबाटिंबांनी आईंचं माहेरचं नाव घातलेलं निघालं. तो डबा आता माझ्याकडे तांदळाला आहे. तांब्या-पितळेच्या भांड्यात रांधणार असाल तर आधी कल्हई करून घ्या; आंबट तर कल्हईशिवाय नकोच.

येवल्याची पैठणी असेल तर नातींमध्ये कापून वाटू नका, हे माझं ठाम मत. एकीला द्या, बाकीच्यांनी कार्याला मागून नेसावी. मलमलीत गुंडाळून ठेवा, दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदला, नाहीतर घडीवरच रेशीम चिरतं. जरीजवळ डांबरगोळ्या ठेवू नका. आणि हे उघडणं-झटकणं पावसाळ्यात काढू नका. दिवाळीनंतरची कोरडी हवा बरी.

फोटोंचं काम मात्र थांबवू नका, कारण नावं सांगणारी माणसं थांबत नाहीत. आत्याबाईंना शेजारी बसवा आणि फोटोच्या मागे पेन्सिलीने, हलक्या हाताने नावं लिहा; बॉलपेन पुढे उमटतं. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढू नका, खालून शिवणाचा दोरा सरकवत सोडवा. मोबाइलवर कॉपी काढल्यावरही मूळ फोटो टाकायचे नाहीत.

देव्हाऱ्यातले टाक ज्या घरी कुळाचार चालतो तिथे जातात, त्यात मतदान नको. फुटक्या तसबिरी गोदावरीत सोडू नका. काच आणि चौकट वेगळी करा, चित्र कुंडीतल्या मातीत पुरा. पुस्तकांची यादी करून वाचनालयाला दाखवा, पोती भरून नेऊन टाकू नका. आपल्या नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 सालचं आहे. तिथे काय आधीच असेल याचा विचार करा.

उरलेल्याला मुदत घाला. आम्ही खोक्यांवर "अक्षय्य तृतीया" लिहिलं. तोवर ज्याने नेलं नाही त्याचा हक्क संपला. बंब असा तांबट आळीत गेला. मोडीला नेताना घरी वजन करून निघा, लोखंडी जाळी आणि कड्या आधीच काढा, आणि घट, म्हणजे वजनातली कपात, किती धरणार हे भाव ठरवण्यापूर्वी विचारा.