बेरिलियम-७ ची न्यूट्रॉनबरोबरची अभिक्रिया मोजताना या चुका टाळा

महास्फोटाच्या गणितातून लिथियम-७ जेवढं यायला हवं, त्याच्या साधारण एक-तृतीयांशच जुन्या ताऱ्यांत दिसतं. जे बेरिलियम-७ पुढे लिथियम-७ होतं, ते न्यूट्रॉनमुळे आधीच नष्ट होतं का, हे तपासायचं तर नमुना मिळतो मायक्रोग्रॅमभर. पणजीत एमएस्सीच्या मुलांकडून मी हे मोजमाप कागदावर करून घेते, तेव्हा बहुतेक जण पहिल्याच पायरीवर अडखळतात: नमुन्यात अणू किती?

त्यासाठी तराजू उपयोगाचा नाही. १ मायक्रोग्रॅम बेरिलियम-७ ची किरणोत्सारिता सुमारे १३ गिगाबेकरेल, म्हणजे सेकंदाला १३ अब्ज विघटनं, असते. तेव्हा अणू मोजायचे ते ४७७.६ केईव्हीच्या (हजार इलेक्ट्रॉनव्होल्टच्या) गॅमा किरणांच्या रेषेवरून. ही रेषा १०० विघटनांत जेमतेम १० वेळा निघते. तो गुणक राहून गेला की अणू दहापट कमी धरले जातात आणि क्रॉस सेक्शन, म्हणजे अभिक्रिया होण्याच्या शक्यतेचं माप, तेवढंच फुगतं. तारीख आणि तासही लिहून ठेवा. अर्धायुष्य ५३ दिवसांचं, म्हणजे चवथीला केलेला नमुना नरकासुराच्या रात्रीपर्यंत निम्मा झालेला असतो. विघटन झालेला निम्मा लिथियम-७ होऊन तिथेच बसलेला असतो.

न्यूट्रॉनमुळे बेरिलियम-७ मधून निघणारे अल्फा कण अपेक्षेपेक्षा फार जास्त दिसताहेत? आधी बोरॉनवर संशय घ्या. औष्णिक, म्हणजे संथ, न्यूट्रॉनसाठी बोरॉन-१० चं क्रॉस सेक्शन ३,८४० बार्न (क्रॉस सेक्शनचं एकक) इतकं मोठं आहे आणि प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या बोरोसिलिकेट काचेत बोरॉन असतंच. द्रावण टेफ्लॉनच्या भांड्यात ठेवा. खरी खूण वेगळी आहे: बेरिलियम-७ मधून दोन अल्फा एकमेकांच्या विरुद्ध दिशेने निघतात, प्रत्येकी ८ एमईव्हीहून (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टहून) जास्त ऊर्जेचे. बोरॉनचा अल्फा २ एमईव्हीच्याही आतला. म्हणून नमुन्याच्या दोन्ही बाजूंना सिलिकॉन डिटेक्टर लावून एकाच क्षणी आलेल्या जोड्याच मोजायच्या. सर्नच्या एन-टॉफ या न्यूट्रॉन प्रयोगकेंद्रात हेच केलं गेलं, तेही न्यूट्रॉनच्या जवळपास २० मीटरच्या मार्गावर. तिथला जुना मार्ग १८५ मीटरचा. अंतर कमी केलं की न्यूट्रॉनचा झोत दाट होतो आणि नमुन्याच्या स्वतःच्या किरणोत्सारापेक्षा अभिक्रिया वर उठून दिसते. ऊर्जेचा नेमकेपणा मात्र थोडा जातो.

नमुना ज्यावर बसवतो त्या नुसत्या आधारपत्र्याची मोजणी टाळू नका, भले तिला न्यूट्रॉन झोताचा वेळ जावो.

आपल्याकडच्या पावसाळ्यात आणखी एक भानगड होते. नमुन्याचा क्षारांचा पातळ थर हवेतलं पाणी ओढतो. अल्फांची ऊर्जा त्यातच खर्च होते आणि पाण्यातला हायड्रोजन न्यूट्रॉन विखुरतो. थर डेसिकेटरमध्येच, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यातच, ठेवा.

झोत मोजायला सोन्याची पत्री लावाल तेव्हा ती अगदी पातळ घ्या. ४.९ इलेक्ट्रॉनव्होल्टला सोनं इतके न्यूट्रॉन गिळतं की जाड पत्रीचा आतला भाग उपाशीच राहतो.